एप्रिल छाटणी

कात्रीचा आवाज मी पुढच्या दारातच ओळखला. कच्, मग जरा शांतता, पुन्हा कच्. लहानपणी एप्रिल महिन्यात आमच्या मळ्यात हा आवाज दिवसभर चालायचा, आणि आई म्हणायची, आता घरातल्या पुरुषांशी बोलून उपयोग नाही, त्यांचे कान मळ्यात आहेत. पण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात, माझ्या स्वतःच्या घरात, भरदुपारी तो आवाज यायचं काही कारण नव्हतं.

हॉस्पिटलचा कोटही न काढता मी मागच्या दारी गेले. काचघरात अण्णा स्टुलावर उभे होते. अंगात दोन स्वेटर, वरून माझ्या नवऱ्याचा जुना कोट, कानांवरून मफलर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि हातात छाटणीची कात्री. ती कात्री त्यांनी पिंपळगावहून धोतराच्या घडीत गुंडाळून आणली होती, हे मला त्या क्षणी कळलं. पायाशी कोवळ्या हिरव्या फुटींचा ढीग पडला होता. वेलीवर औषधालाही पान उरलं नव्हतं.

"अण्णा, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? छाटणी." ते स्टुलावरून उतरले आणि मफलरने कात्रीचं पातं पुसलं. "एप्रिल सरत आला. खरड छाटणी नको का करायला?"

"इथे एप्रिलमध्ये नाही छाटत."

"तुला काय ठाऊक? तू दवाखान्यातली बाई."

आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये पार खरडून काढायची, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरमध्ये त्या काड्या पुन्हा छाटायच्या, म्हणजे त्यांच्यावर घड येतात आणि फेब्रुवारीत माल निघतो. अण्णांनी जन्मात यातली एकही छाटणी चुकवली नव्हती. आदल्या वर्षी आई गेली ती ऐन ऑक्टोबरात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कात्री घेऊन मळ्यात गेले, तेव्हा गावाने बोटं तोंडात घातली. मला मात्र नवल वाटलं नाही. रडायचं कुठे, हे ज्याचं त्याला माहीत असतं.

आई गेल्यावर मी त्यांच्या मागे लागले होते, की माझ्याकडे या. मळा आता संपतदादा, माझा थोरला भाऊ, बघत होता. अण्णांना अडकवणारं तिथे काही नव्हतं. पण फोनवर त्यांचं एकच. "लेकीच्या घरी बापानं राहायचं ते दोन रात्री. तिसऱ्या दिवशी जावयाच्या नजरेत येतो माणूस. आता दोन रात्रींसाठी एवढं विमान करायचं म्हंजे..."

"सुधाकर तसा नाही हो, अण्णा."

"जावई कसाही असू दे. बापाला अक्कल नको का?"

शेवटी आले. सहा महिन्यांचा व्हिसा होता, पण पहिला आठवडाभर त्यांनी बॅगेतून कपडे बाहेर काढले नाहीत. सकाळी सदरा काढायचा, पुन्हा कुलूप लावायचं आणि बॅग पलंगाखाली सरकवायची. सुधाकर म्हणायचा, "तुझे वडील आपल्या घरी आलेत की स्टँडवर बसलेत?" मी हसायचे, पण ते कुलूप लावल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. मला ते हवे होते. नुसते घरात असायला हवे होते. कामावरून आले की कुणीतरी मराठीत 'आलीस का' म्हणावं, एवढंच. सुधाकर म्हणायचा, नाही असं नाही, पण बापाने म्हणणं वेगळं.

आठव्या-नवव्या दिवशी त्यांना काचघर दिसलं. म्हणजे दिसत रोजच होतं, पण "हा काचेचा गोठा कशाला बांधला?" एवढं विचारून त्यांनी ते सोडून दिलं होतं. त्या दिवशी ऊन पडलं म्हणून आत शिरले आणि तिथूनच मला हाक मारली. "वैजू, अगं इथं द्राक्ष आहे."

घराच्या मागच्या भिंतीला टेकून ते काचघर होतं. आधीच्या मालकाने बांधलेलं. वेलीचं मूळ बाहेरच्या मातीत होतं आणि खोड भिंतीतल्या भोकातून आत घेऊन काचेखाली पसरवलेलं. मी कधी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. वर्षाला आठ-दहा खुरटे घड यायचे, काळेजर्द दिसायचे आणि तोंडात घातले की डोळे मिटायचे. मी ते पक्ष्यांना टाकायचे.

अण्णांनी खोडावरून हात फिरवला, बाहेर जाऊन मूळ बघितलं, परत आत येऊन वर बघितलं. "मूळ बाहेर गारठ्यात आणि डोकं आत उबेला. काय लोक आहेत."

"फार आंबट येतात पण, अण्णा."

"द्राक्ष आंबट नसतं. कुणी पाहिलं नाही तिच्याकडं, म्हणून तशी झालीय." मग वेलीकडेच बघत ते म्हणाले, "हिची द्राक्षं खातो नि मंगच जातो."

त्या संध्याकाळी त्यांनी बॅग उघडली आणि सदरे कपाटात टांगले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. हँगरचा एकेक आवाज मोजल्यासारखा माझ्या कानावर येत होता, आणि मला हसू येत होतं आणि रडूही.

आता या गोष्टीत मिसेस टेट येतात. त्या आमच्या शेजारीण, सत्तरीच्या, एकट्या. आधीच्या मालकाबरोबर त्यांनी ही वेल वाढताना बघितली होती. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण रोज सकाळी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून तास-तास बोलायचे. त्या वेलीकडे बोट दाखवायच्या, हात गालाखाली घेऊन डोळे मिटायच्या, आभाळाकडे बघून थंडी वाजल्यासारखं करायच्या. अण्णा मान डोलवायचे आणि मराठीत आमच्या मळ्याची पूर्ण माहिती द्यायचे.

"काय म्हणत होत्या?" मी विचारायचे.

"हवामानाचं. दुसरं काय आहे इथं बोलायला?"

मला मिसेस टेटनी सांगितलं होतं, की इथली द्राक्षं सप्टेंबरात पिकतात. म्हणजे अण्णा सप्टेंबरपर्यंत आहेत, असं मी मनात धरून चालले होते. आणि एप्रिलच्या शेवटी अण्णांनी वेल खरडून ठेवली.

मिसेस टेट कुंपणापाशी आल्या आणि बघतच राहिल्या. "पण मी काल त्यांना दाखवलं होतं," त्या मला म्हणाल्या. "त्यांनी जवळ जाऊन बघितलंही होतं. मला वाटलं, त्यांना समजलं."

मी अण्णांना म्हटलं, "त्या म्हणतात, त्यांनी तुम्हाला काल काहीतरी दाखवलं होतं."

"हवामानाचं," अण्णा म्हणाले, आणि पडलेल्या फुटी गोळा करायला वाकले.

वेल त्यानंतर कितीतरी दिवस गळत होती. प्रत्येक कापातून थेंब-थेंब पाणी. अण्णांनी माझ्या घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या खाली मांडल्या होत्या. आमटी कशात वाढायची, असा प्रश्न पडला. "रडू दे," ते म्हणायचे. "आपल्याकडंही रडते." पण एवढी रडत नाही, हे मलाही आठवत होतं. दिवसातून दोनदा ते जाऊन फडक्याने ते काप टिपायचे.

मग वेल फुटली. अशी फुटली, की महिन्याभरात काचेला काड्या टेकल्या. पण एकाही फुटीवर घड नव्हता. नुसतं रान. अण्णा रोज तिच्याशी झटायचे. काड्या तारेला बांधायच्या, नको त्या काढायच्या, बाहेर मुळाशी पाणी घालायचं. तो उन्हाळा मला आजही हवासा वाटतो. संध्याकाळी बसमधून उतरले, की थांब्यावर अण्णा उभे. "काय करू राहिले इथे?" मी त्यांच्याच भाषेत चिडवायचे. "बस मोजू राहिलो," ते म्हणायचे. दोघं चालत घरी यायचो. घरी त्यांनी मिक्सर न लावता वाटलेला ठेचा असायचा, कारण मिक्सरच्या ठेच्याला ते ठेचा म्हणत नसत. जेवण झालं की लख्ख उजेडात, रात्री नवापर्यंत तिथे उजेड असतो, आम्ही काचघरात दोन खुर्च्या टाकून बसायचो. आईबद्दल ते पहिल्यांदा तिथेच बोलले. तिला द्राक्ष आवडायचं नाही, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून लग्नानंतर चाळीस वर्षं खात राहिली, असं म्हणाले. "मला पहिल्या वर्षीच कळलं होतं," ते म्हणाले. "पण ती सांगत नव्हती, मंग मी कशाला विचारू?"

तेव्हा मी नुसती हसले.

ऑगस्ट सरला. काड्या पिकून तपकिरी झाल्या. एका रविवारी मिसेस टेट चहाला आल्या आणि मी मध्ये बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे केलं. या वेलीला हिवाळ्यात झोप लागते, त्या म्हणाल्या. पानं सगळी गळतात. ख्रिसमसच्या सुमाराला, ती गाढ झोपलेली असताना छाटायची. तेव्हा छाटली की रडत नाही. मग वसंतात जी फूट येते तिच्यावरच घड येतात. यंदाच्या काड्या फार छान झाल्यात, पुढच्या सप्टेंबरात भरपूर द्राक्षं येतील.

मी मराठीत सांगितलं. अण्णा ऐकत होते. "म्हंजे पुढल्या सप्टेंबरात," ते म्हणाले.

"हो."

"या वर्षी तं नाहीच."

"नाही ना."

"मंग?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

मला त्या 'मंग'मध्ये खंत ऐकू आली. वेल बिघडवली याची खंत, फुकट गेलेल्या महिन्यांची खंत. त्यातच दोन दिवसांनी संपतदादाचा फोन आला. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, मजूर मिळत नाहीत, अण्णांना तिथे करमतं का, की जीव इकडे लागलाय? सुधाकर म्हणाला, मुदत वाढवून मिळते का बघतो मी, नाहीतर जाऊन पुन्हा येऊ देत. मीच त्याला गप्प केलं. म्हटलं, त्यांचं मन मळ्यात आहे. आपल्यासाठी ते तोंडाने बोलणार नाहीत. आपणच त्यांना मोकळं करायला हवं.

काचघरात ते वाळलेली पानं वेचत होते. मी म्हटलं, "अण्णा, संपतदादाची छाटणी आली. तुम्हाला तिथे असायला हवं, ना?"

त्यांनी वर वेलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हो," ते म्हणाले. "असायला तं हवं."

"मग तिकिटाचं बघू?"

"बघ."

मला त्यांनी 'नको' म्हणायला हवं होतं. मी पुढच्या दोन आठवड्यांत किती वेळा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले, ते मलाच माहीत. आत सदरे घडी होत होते. बॅगेला कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा मी नळ सोडून भांडी घासायला घेतली. निघताना त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "ही राहू दे इथंच. ख्रिसमसला लागंल."

डिसेंबरात बर्फ पडलं. एका रविवारी मी अण्णांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तशी वेल छाटली. मी काचघरात जाऊन एक काडी कापायची, घरात येऊन फोनवर सांगायची, पुन्हा बाहेर जायची. सुधाकरने फोनच्या बिलाबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते.

"प्रत्येक काडीला फुटीचे दोन डोळे ठेव. हात आखडू नको. आणि गोठ्याचं दार उघडं आहे का?"

"बंद ठेवलंय. हीटर लावला होता तिला. गारठेल ना."

"काढ तो हीटर. दार उघड. तिला थंडी लागू दे, त्याबिगर झोप नाही लागायची. तुझी ती बाई हात गालाखाली घेऊन सांगायची नाही का, झोपते म्हणून? आणि कुडकुडून दाखवायची. तेच ते."

मी दार उघडलं. बोलण्याच्या भरात मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एप्रिल आला. एका सकाळी कामावर जायच्या आधी चहाचा कप घेऊन मी काचघरात गेले. फुटी बोटभर झाल्या होत्या. अगदी अण्णांनी छाटल्या तेव्हा होत्या तेवढ्या. मी एक फूट हातात घेतली, आणि पानाच्या समोर मला काहीतरी दिसलं. मोहरीच्या दाण्यांचा झुबका असावा तसं, हिरवं, करंगळीच्या पेराएवढं. घड. दुसऱ्या फुटीवर दोन होते. तिसरीवर एक. मी दवाखान्यातली बाई. मला द्राक्षातलं काही कळत नाही. पण मला चष्म्याशिवाय, चहा पिता पिता, दारात उभ्याने घड दिसले.

मग मला तो हिरवा ढीग आठवला. अण्णांच्या पायाशी पडलेला. मळ्यात फूट निघाल्यावर अण्णा ओळीतून नुसते चालत जायचे आणि शेवटाला पोचून सांगायचे, यंदा घड कमी आहेत किंवा जास्त आहेत. त्या माणसाला घड दिसले नाहीत? गळ्यात चष्मा असताना? आदल्या दिवशी मिसेस टेटनी बोट लावून दाखवले असताना? आणि 'हवामानाचं' म्हणत त्यांच्या सगळ्या खुणा कळत असताना?

मी कप तिथेच ठेवला आणि घरात येऊन फोन लावला. तिकडे दुपार होती.

"वैजू? या वेळेला? बरी आहेस ना?"

"अण्णा, वेलीला घड आलेत."

"हं." त्यांना आनंद झालेला मला कळला. "किती?"

"पुष्कळ. फुटी बोटभर आहेत, तोवरच दिसतात." मी थांबले. "तुम्ही छाटली तेव्हाही फुटी एवढ्याच होत्या."

पलीकडून मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज तेवढा येत होता.

"असतील," ते म्हणाले. "माझा चष्मा नव्हता त्या दिवशी."

"चष्मा गळ्यात होता, अण्णा."

मोटार चालू होती. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"द्राक्षं खातो नि जातो, असं माझ्याच तोंडून गेलं होतं," अण्णा म्हणाले. "बाई म्हणाली सप्टेंबर, ते कळलं मला. बोटांवर मोजून दाखवलं तिनं. मंग मी म्हटलं, सप्टेंबर तं आलाच की. यंदा नाही आली द्राक्षं, तं पुढल्या सालापर्यंत राहता येईल." ते जरा खाकरले. "लेकीच्या दारात बाप बसून आहे, याला काही कारण लागतं, वैजू. उगाच कसं राहणार?"

"मी म्हटलं असतं ना, राहा म्हणून."

"मी वाट पाहिली."

"मीही," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल याची."

यावर ते हसले. त्यांचं ते नाकातलं हसू. मलाही हसू आलं, आणि मग रडू. त्यांनी मला तसंच राहू दिलं. आमच्याकडे कुणी रडत असलं की त्याला गप्प बस म्हणत नाहीत.

शेवटी मी म्हटलं, "अण्णा, कात्री इथेच आहे. छाटून टाकू का हे घड? म्हणजे या वर्षीही द्राक्षं नाहीत. तुम्ही या आणि राहा."

"खुळी आहेस का? ठेव. घड तोडायला काळीज लागतं, मला विचार." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा कामाचा झाला. "फुलं आली की दुपारी ऊन असताना काड्या हलक्या हातानं हलवायच्या, तिथं आत वारं नसतं. एका फुटीला एकच घड, बाकीचे काढ. मणी हरभऱ्याएवढे झाले की मधले विरळ कर, म्हंजे उरलेले भरतील. मी येतो. सप्टेंबरला येतो. कारण नाही लागायचं आता."

"नक्की?"

"आणि असं कर. मी आलो तरी सगळे घड नको तोडू. एक राहू दे वेलीवर. खायचं राहिलंय म्हटलं की माणसाला बसता येतं."

व्हिसासाठी कागद दिले होते. तिकिटाचंही ठरलं होतं. ऑगस्टमध्ये एका दुपारी अण्णा जेवून मळ्यातल्या खाटेवर आडवे झाले आणि चहाला उठवायला गेलेल्या वहिनीच्या हाकेला ते उठले नाहीत.

मी पिंपळगावला जाऊन परत आले तोवर द्राक्षं पिकली होती. काळी, टपोरी, वर पांढरी साय आल्यासारखी. मिसेस टेटनी एक तोंडात टाकलं आणि त्या खुर्चीत बसल्या. इतकी गोड ती वेल कधीच आली नव्हती, असं म्हणाल्या. मला चव सांगता येणार नाही. मी खाल्ली, सुधाकरने खाल्ली, हॉस्पिटलात नेऊन वाटली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिसेस टेट गेल्या. त्यांच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. आम्ही अजून तिथेच आहोत, वेलही आहे, आणि ती दर सप्टेंबरात फळते. सगळे घड मी तोडते, दारापासचा एक सोडून. तो ऑक्टोबरात सुकायला लागतो, नोव्हेंबरात पानं गळतात तेव्हा एकटाच लोंबत दिसतो. त्या जोडप्यातल्या मुलीने परवा कुंपणावरून विचारलं, की तो पक्ष्यांसाठी ठेवता का. मी हो म्हटलं.